दुष्काळ सरल्यावर बाग सावरताना

लांबलेला दुष्काळ संपला, चार चांगले पाऊस झाले किंवा पाण्याची चणचण मिटली, की बागेत एकच घाई उडते. पाइप सोडून देऊन बाग चिंब करायची, वाळक्या दिसणाऱ्या फांद्या सपासप छाटायच्या आणि झाडांना जोर यावा म्हणून बुंध्याशी खताची ओंजळ रिकामी करायची. हेतू चांगलाच असतो. पण दुष्काळातून कशीबशी तगलेली झाडं नेमकी याच दिवसांत दगावतात, आणि पाणी मिळूनही झाड गेलं कसं, हे काही केल्या कळत नाही.

कारण जमिनीखाली असतं. दुष्काळात झाडाचा जो भाग सगळ्यांत आधी मरतो तो म्हणजे जारवा, म्हणजेच पाणी आणि अन्नद्रव्यं प्रत्यक्ष शोषून घेणारी बारीक पांढरी मुळी. बोटाएवढी जाड मुळं झाडाला धरून ठेवतात, पाणी वर पोचवतात. शोषणाचं काम त्यांच्याकडून फारसं होत नाही. म्हणजे बाग वरून जेवढी उजाड दिसते त्याहून खाली जास्त मोडलेली असते. आता पाणी आलं खरं, पण ते घ्यायला खाली कोणी हवं ना! म्हणून काम एकच: जारवा पुन्हा फुटेपर्यंत मातीत ओल आणि हवा दोन्ही टिकवायची, आणि तोवर वरच्या पानाफांद्यांची मागणी वाढू द्यायची नाही. पाणी किती द्यायचं, कात्री कधी लावायची, खत केव्हा, हे सगळं या एका हिशेबातून ठरतं.

माती पाणी नाकारते तेव्हा

फार दिवस कोरड्या पडलेल्या वाफ्यावर झारीने पाणी घालून पाहावं. माती गडद होते, चकाकते, वाफा भिजला असं वाटतं. तिथेच बोटाने उकरलं तर वरची जेमतेम पेरभर माती ओली आणि तिच्याखाली ठणठणीत कोरडी धूळ सापडते. उताराच्या कडेला पाणी ओघळून गेलेलं असतं ते वेगळंच.

याचं कारण मातीतल्या सेंद्रिय पदार्थांत आहे. पानं, मुळं, बुरशीचे धागे कुजताना त्यांतले मेणचट पदार्थ मातीच्या कणांवर बसतात. माती ओलसर असते तोवर त्यांचा त्रास जाणवत नाही. ती पार सुकली की हे मेणचट थर पाण्याला दूर लोटू लागतात. कोरड्या पिठावर पाण्याचा थेंब पडला की तो मुरत नाही, अंगाला पीठ लावून घेत नुसता लोळतो, तसंच इथे होतं. रेताड मातीत हे जास्त दिसतं, कारण रेतीच्या कणांचं एकूण पृष्ठफळ कमी. थोडक्या मेणातही ते झाकले जातात. तपासणी अगदी सोपी आहे. वरचा पालापाचोळा बाजूला करून कोरड्या मातीवर पाण्याचे काही थेंब सोडावेत. ते 5 सेकंदांच्या आत मुरले तर माती ठीक आहे. त्याहून जास्त वेळ थेंब गोल बसून राहिला तर माती पाणी नाकारतेय, आणि मिनिट उलटूनही तो तसाच असेल तर चांगलीच नाकारतेय.

उपाय म्हणजे चिवटपणा. आधी वरची माती हाताच्या काट्याने किंवा खुरप्याने हलकी मोकळी करायची, खोल नाही, कारण वाचलेला जारवा बऱ्याचदा वरच्या थरातच असतो. मग थोडं पाणी, अर्धा तास विश्रांती, पुन्हा थोडं पाणी. पहिल्या एकदोन वेळा पाणी वाया चाललंय असं वाटेल. पण कण एकदा ओले झाले की मेणाचा विरोध मोडतो आणि पुढचं पाणी सरळ खाली उतरतं. बाजारात माती भिजवणारी द्रावणं मिळतात, ती काम करतात. भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून ओतायचा सल्ला मात्र मला पटत नाही. त्यात काय काय मिसळलेलं असतं याचा पत्ता नसतो, आणि आधीच होरपळलेल्या मुळांवर प्रयोग कशाला?

चिकण मातीची तऱ्हा निराळी. ती पाणी नाकारत नाही, आकसते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ओतलेलं पाणी त्या भेगांतून थेट तळाला निघून जातं; मधली ढेकळं आतून कोरडीच. अशा जमिनीवर पहिलं पाणी देण्यापूर्वी भेगांमध्ये चाळलेलं कंपोस्ट किंवा भुसभुशीत माती सारावी आणि मग अगदी संथ पाणी द्यावं, म्हणजे ढेकळं बाजूने फुगत जाऊन भेगा मिटतात. ही माती ओली असताना तिच्यावर चालायचं नाही आणि ती खणायची तर मुळीच नाही. ओल्या चिकणमातीवर पाय पडला की तिच्यातली हवेची पोकळी दबते, आणि ती पुन्हा मोकळी व्हायला हंगाम जातो.

पाणी: किती आणि किती वेळात

इथे थोडं गणित कामाचं आहे. 1 चौरस मीटर जागेवर 1 लिटर पाणी पसरलं की त्याची उंची 1 मिलिमीटर भरते. मध्यम पोताची माती कोमेजण्याच्या टोकाला पोचलेली असेल, तर वरचा 30 सेंटिमीटरचा थर पुन्हा नीट ओला व्हायला अंदाजे 45 मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे दर चौरस मीटरला 45 लिटर, 15 लिटरच्या तीन बादल्या. याहूनही सुकलेल्या मातीला जास्तच. संध्याकाळी हातात पाइप धरून सगळ्या बागेवर फिरवलेला फवारा या हिशेबात कुठेच बसत नाही. त्याने धूळ बसते आणि जीव शांत होतो, एवढंच. उलट रोजच्या उथळ शिपणीमुळे नवी मुळी वरच्या चार बोटांत फुटते आणि एका उन्हाच्या दिवसात करपते.

दुसरा प्रश्न वेळेचा. मध्यम माती एकदा भिजली की तासाला 10 ते 20 मिलिमीटर पाणी पिते, चिकण माती 1 ते 5, रेताड 30च्या वर. बागेचा साधा पाइप मिनिटाला 10 ते 20 लिटर सहज सोडतो. म्हणजे चौरस मीटरच्या आळ्यात तो तीन-चार मिनिटांत जे ओततो ते प्यायला मध्यम मातीला दोन-चार तास लागतात, आणि चिकण मातीला अख्खा दिवसही पुरत नाही. म्हणून ठिबक बरं. ते नसेल तर तळाला बारीक भोक पाडलेली बादली किंवा डबा आळ्यात ठेवून द्यावा आणि आपल्या कामाला लागावं. पाणी भरून साचू लागलं की थांबायचं, जिरलं की पुन्हा.

कुठवर ओल गेली हे डोळ्यांनी कळत नाही. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी एक लांब लोखंडी सळई जमिनीत दाबावी. ओल्या मातीत ती हाताच्या जोराने जाते, कोरडा थर लागला की अडते. सळईला बोट लावून खूण करावी आणि बाहेर काढून मोजावं. भाज्या आणि हंगामी फुलझाडांना 20-30 सेंटिमीटर ओल पुरते, झुडपांना आणि झाडांना 45-60 हवी.

पाणी द्यायची जागाही चुकते. मोठ्या झाडाच्या बुंध्याशी शोषणारी मुळी जवळजवळ नसतेच. ती फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही बाहेर पसरलेली असते. बुंध्याला चिकटून केलेलं आळं दिसतं टुमदार, पण त्यातलं पाणी सालीला भिजवत राहतं आणि खोडकुजीला आमंत्रण देतं. आळं मोठं, घेराच्या टोकापर्यंत किंवा निदान अर्ध्यापासून पुढे कड्यासारखं करावं.

एकदा खोल भिजवल्यावर वाफसा येईपर्यंत थांबायचं. वाफसा म्हणजे मातीच्या पोकळ्यांमधलं जास्तीचं पाणी उतरून गेलं, कणांभोवती ओल राहिली आणि मधल्या जागेत हवा शिरली ती अवस्था. मुळी याच अवस्थेत फुटते. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे 10 हजार पट हळू पसरतो, त्यामुळे माती सतत चिंब ठेवली तर उरलासुरला जारवा गुदमरतो आणि मूळकुजीच्या बुरशीला रान मोकळं मिळतं. गंमत अशी की गुदमरलेल्या मुळांचं झाडही तहानलेल्या झाडासारखंच माना टाकतं. ते पाहून अजून पाणी घातलं की संपलंच. पानं कोमेजली की आधी सळई, मग झारी.

फळं लागलेली असतील तर आणखी एक धोका. कोरड पडून सालीची लवचीकता गेलेली असते. एकदम पाणी मिळालं की आतला गर फुगतो आणि टोमॅटो, डाळिंब, लिंबूवर्गातली फळं टराटरा तडकतात. तसंही या वर्षी झाडावरची बरीचशी फळं लहानपणीच काढून टाकावीत. जिवावर येतं, पण थकलेल्या झाडाचा साठा फळाकडे वळण्यापेक्षा मुळीकडे गेलेला बरा.

कुंड्यांना वरून पाणी घालणं बहुतेक वेळा फुकट जातं. आतला मातीचा गड्डा आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटलेला असतो. पाणी त्या फटीतून खाली धावतं, तळाच्या भोकातून बाहेर येतं आणि कुंडी भरपेट झाली असं वाटतं. कोकोपीट किंवा पीट भरलेल्या कुंड्यांमध्ये तर हमखास. अशी कुंडी पाण्याच्या टबात काठापर्यंत बुडवून ठेवावी. बुडबुडे वर येत राहतात, आधी भराभर, मग एकेक करून, आणि थांबतात. तेव्हा बाहेर काढून निथळू द्यावी आणि कडेच्या फटीत बोटाने माती दाबून भरावी.

पांढरा थर

दुष्काळात पुष्कळांनी बोअरचं मचूळ पाणी किंवा धुण्याभांड्याचं सांडपाणी बागेला दिलेलं असतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. मातीवर किंवा कुंडीच्या कडांवर पांढरट पापुद्रा आणि पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत, ही त्याची खूण. क्षार साचलेल्या मातीत पाणी असूनही मुळांना ते ओढून घेता येत नाही, कारण क्षारही पाण्याला धरून ठेवतात.

यावर गोड्या पाण्याने माती धुणं हाच खरा इलाज. नियम असा मानतात: 15 सेंटिमीटर उंचीचं पाणी मातीतून खाली गेलं की वरच्या साधारण फूटभर थरातले सुमारे निम्मे क्षार जातात, 30 सेंटिमीटरने 80 टक्के, 60 सेंटिमीटरने 90. पंधरा सेंटिमीटर म्हणजे चौरस मीटरला 150 लिटर. घरच्या पाण्यावर हे परवडत नाही. चांगला पाऊस मात्र हे काम फुकटात करतो, फक्त निचरा मोकळा हवा. पाणी तळाला जाऊन अडत असेल तर क्षार पुन्हा वर येतात. आणि मातीत सोडियम जास्त साचून ती ओली असताना चिखलट, वाळल्यावर दगड होत असेल, तर नुसत्या पाण्याने भागत नाही, जिप्सम लागतं. ते माती तपासून घेऊनच टाकावं.

कोण जिवंत, कोण गेलं

निष्पर्ण फांदी म्हणजे मेलेली फांदी नव्हे. पानं गाळणं हा पाणी वाचवायचा झाडाचा स्वतःचा उपाय आहे. नखाने किंवा चाकूच्या टोकाने सालीला बारीक ओरखडा काढावा. खाली हिरवट, ओलसर, किंचित चिकट थर दिसला तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडा, भुगा होणारा थर दिसला तर तेवढा भाग गेला. मग थोडं खाली सरकून पुन्हा ओरखडा. टोकाला मेलेली फांदी वीतभर खाली हिरवी निघते, असं फार वेळा होतं. खोड जमिनीपर्यंत तपकिरी असलं तरी लगेच उपटू नये, कित्येक झुडपं जमिनीतल्या भागातून फुटतात. कलमी झाडाचा फुटवा कुठून आलाय हे मात्र बघावं. कलमाच्या डोळ्याच्या खालून, म्हणजे ज्या मूळ झाडावर कलम बांधलं त्या खुंटातून आला असेल, तर वाढेल ते खुंटाचं झाड. कलमी गुलाब गेला आणि त्या जागी जंगली गुलाब जोमाने वाढला, हे कोडं असंच पडतं.

छाटणीचा मोह आवरायला हवा. वाळून खात्रीने मेलेली फांदी तेवढी काढावी, बाकीच्याला नवी फूट येईपर्यंत हात लावू नये. जिवंत फांद्यांत साठवलेली साखर आणि पिष्ट याच काळात मुळी घडवायला वापरलं जातं. शिवाय जोरकस छाटणीने फुटवे उसळून येतात, आणि त्यांना लागणारं पाणी पुरवायला खाली मुळी नसते. पानं गळून एकदम उघड्या पडलेल्या खोडाला कडक ऊन लागून साल भाजते. त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवणं छाटणीपेक्षा कितीतरी उपयोगी. खोडावर बारीक भोकं आणि लाकडाचा भुसा दिसतो का, हेही बघत राहावं. खोडकिडे थकलेल्या झाडावरच जास्त जातात, कारण किड्याला परतवणारा चीक किंवा डिंक तयार करायला त्या झाडाकडे त्राण नसतं.

खत थांबवा

आता खताची ओंजळ. रासायनिक खत हेही क्षारच आहेत. ओलावा बेताचा आणि मुळी नाजूक असताना ते टाकलं तर मुळातलं पाणी उलट बाहेर ओढलं जातं. नत्राने पालवी फोफावते ती वेगळीच, आणि मग मागणी-पुरवठ्याचा तोच घोळ.

मुख्य म्हणजे सुरुवातीला खताची गरजच नसते. कोरडी माती भिजली की तिच्यातले सूक्ष्मजीव एकदम कामाला लागतात. दुष्काळात मेलेले जिवाणू, बुरशी, मुळांचे अवशेष आणि सुकताना मोकळे झालेले सेंद्रिय पदार्थ त्यांना आयते मिळतात, आणि त्या धडाक्यात मातीत नत्र मोकळं होतं. बर्च या संशोधकाने 1958 साली यावर केलेल्या कामामुळे याला बर्च परिणाम म्हणतात. पहिल्या पावसानंतर रानटी गवत अचानक गर्द हिरवं होतं त्यामागे पाण्याबरोबर हे नत्रही असतं. म्हणून पहिले काही आठवडे काहीही घालू नये. नवी पानं पूर्ण आकाराची होऊन टिकली, म्हणजे खाली मुळी चालू झाली असं समजायचं, आणि मग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट दोन-तीन सेंटिमीटर जाड वरूनच पसरायचं. खणून मिसळायची गरज नाही, गांडुळं ते खाली नेतात. दुष्काळात ती दिसत नाहीत म्हणून मेली असंही नाही. काही जाती खोल जाऊन गोळा होऊन पडून राहतात आणि ओल परतली की वर येतात.

आच्छादनाबद्दल एकच खबरदारी: माती खोल भिजल्यावर ते घालायचं, आधी नाही. कोरड्या मातीवर जाड पालापाचोळा अंथरला तर हलक्या सरी तोच पिऊन टाकतो आणि माती कोरडीच राहते. भिजल्यानंतर 5 ते 10 सेंटिमीटर थर, खोडापासून वीतभर दूर.

तण बेसुमार येईल. बिया वर्षानुवर्षं मातीत दबा धरून असतात. उपटताना शेजारची नाजूक मुळीही हलते, म्हणून झाडांजवळचं तण जमिनीलगत कापून तिथेच पसरावं. बी धरायच्या आत कापलं म्हणजे झालं. हिरवळीची फारशी काळजी नको. हरळीसारखं गवत जमिनीतल्या आणि जमिनीलगतच्या कांड्यांतून परत येतं. दोन-तीन आठवडे नीट ओल मिळूनही जिथे फूट दिसली नाही तेवढाच तुकडा नव्याने लावावा.

रिकाम्या जागा आणि मोठी झाडं

मेलेल्या झाडांच्या जागी लगेच नवी रोपं आणायची घाई नको. पहिल्या हंगामात रिकाम्या वाफ्यात ताग, धैंचा किंवा चवळी पेरावी. त्यांची मुळं घट्ट माती सैल करतात, गाठींतून नत्र देतात, आणि फुलोऱ्यावर कापून तिथेच टाकली की आच्छादन होतं. मग रोपं लावताना मोठी, भरलेली रोपं घेण्यापेक्षा लहान घ्यावीत. लहान रोपाची मुळं आणि पानं यांचा मेळ लवकर बसतो, आणि चार-पाच वर्षांत ते मोठ्याला गाठतंही. ज्या जागी दोनदा झाड गेलं तिथे तिसऱ्यांदा तेच लावू नये, एवढं तरी दुष्काळाकडून ऐकावं.

सगळ्यांत चकवा मोठी झाडं देतात. खोडातल्या बारीक नळ्यांतून पाणी वर जातं ते पानांनी वरून ओढल्यामुळे, ताणलेल्या दोरासारखं सलग. माती फार कोरडी झाली की हा ताण असह्य होतो, पाण्याची धार तुटते आणि नळीत हवेचा बुडबुडा शिरतो. ती नळी बंद. द्राक्षासारख्या काही वेली मुळांच्या दाबाने अशा नळ्या पुन्हा भरून घेतात. बऱ्याच वृक्षांना मात्र नवं लाकूड घडवूनच नव्या नळ्या करायला लागतात, आणि त्यासाठी साखर हवी, जी दुष्काळात पानांची रंध्रं बंद ठेवल्यामुळे बनलेलीच नसते. म्हणून मोठं झाड पहिल्या पावसाला हिरवं होऊन दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी शेंड्याकडून वाळू लागतं, तेव्हा दोष त्या वर्षीच्या पावसाचा नसतो.

अशा झाडांना पुढची निदान दोन वर्षं, पावसात खंड पडला की, पंधरवड्यातून एकदा घेराच्या कडेने खोल पाणी द्यावं. जवळपास खणणं, पाया घालणं, वाहन उभं करणं टाळावं. शेंड्याची वाळ थांबली आणि खालच्या फांद्यांवर दाट फूट आली तर झाड आपला आकार लहान करून जगतंय. वाळलेला शेंडा काढून त्याला तेवढंच राहू द्यावं. वाळ दरवर्षी खाली सरकत असेल, साल सुटत असेल आणि बुंध्याशी बुरशीच्या छत्र्या उगवत असतील, तर घरावर किंवा वाटेवर झुकलेलं झाड वादळाच्या दिवसांआधी जाणत्या माणसाकडून उतरवून घ्यावं.